हीटर प्लगचा हिवाळा

पाटनकडून मटाराच्या गोण्या यायला लागल्या, की जबलपूरला खरी थंडी आली असं समजायचं. अधारतालच्या आमच्या गल्लीत हातगाडीवाला ऊन यायच्या आतच हिरवागार ढीग घेऊन उभा राहतो. शेंगांवरचं दव वाळलेलं नसतं. घराघरांतून बायका शाल गुंडाळून, टोपली घेऊन बाहेर येतात, मीही जाते. मग ओट्यावर बसून सोलायला घ्यायचं. शेंग फुटतानाचा तो टच् असा आवाज, नखात शिरणारा हिरवा रंग, सालांचा ओलसर वास. यातलं काहीच बदललेलं नाही. एवढ्यात पलीकडच्या गल्लीत कोणीतरी डिझेल गाडीची किल्ली फिरवतं, थंड इंजिन घर्र घर्र करत राहतं, आणि माझा हात शेंगेवरच थांबतो. गाडी लागली, म्हणजे सुरू झाली, की मी पुन्हा सोलायला लागते. नाही लागली, तर टोपली तिथेच ठेवून आत निघून जाते.

बाबांनाही तो आवाज ऐकू येत असणार. ते पलीकडच्या खोलीत पेपर वाचत असतात. पान उलटल्याचा आवाज तेवढा वेळ येत नाही.

आमचे आजोबा भंडाऱ्याकडून फॅक्टरीच्या कामाला इकडे आले आणि इथलेच झाले. बाबा टेलिफोन खात्यात लाइनवर होते. खांबावर चढून तारा जोडण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे बिघडलेली वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. घरातली इस्त्री, मिक्सर, पंखा, कुकरची शिट्टी, आईच्या शिलाई मशीनचा पट्टा यांतलं काही कधी दुकानात गेलं नाही. "घरची वस्तू, घरीच बनते," असं म्हणत ते जुनी चादर अंथरून बसायचे आणि आई म्हणायची, "बसले बापा आता. आज जेवण चादरीवरच द्या यांना." बोलायची चिडून, पण शेजारी कोणी आलं की तीच सांगायची, "आमच्याकडे मिस्त्री घरातच आहे नं."

निवृत्त झाल्यावर बाबांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली. पांढरी, मागच्या दाराला खरचटलेली. आईला गुडघ्यांमुळे ऑटोत चढता येत नसे. गाडी आल्यापासून ती पुढच्या सीटवर, पर्स मांडीवर घेऊन, एखाद्या मोठ्या साहेबिणीसारखी बसायची. सदर बाजारला चाट खायला, नागपूरला मावशीकडे, विहारात वंदनेला. मी बँकेत नोकरीला, दादा हैदराबादला. घरात आम्ही तिघंच आणि दारात ती गाडी.

त्या डिसेंबरात गाडी सकाळी त्रास द्यायला लागली. दुपारी ठीक असायची, सकाळी मात्र किल्ली फिरवावी तर नुसती खोकत राहायची, मागून पांढरा धूर सोडायची आणि बऱ्याच वेळानं एकदाची थरथरत सुरू व्हायची. बाबांनी आईला आणि मला समजावून सांगितलं. पेट्रोल गाडीत ठिणगी पडते, डिझेलमध्ये ठिणगी नसते. तिथे हवा दाबून दाबूनच इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेटतं. थंडीत इंजिन गार असलं की ती हवा पुरेशी तापत नाही, म्हणून आत छोट्या पेन्सिलीएवढे चार प्लग असतात. किल्ली अर्धी फिरवली की ते आत लालबुंद होतात. तेच खराब झालेत.

"म्हणजे माझ्यासारखीच झाली," आई म्हणाली. "सकाळी चहा मिळाल्याशिवाय उठत नाही."

बाबा सदरच्या एका गॅरेजमध्ये जाऊन आले. मिस्त्री म्हणाला होता, गाडी आजच ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जा. बाबांनी गाडी ठेवली नाही. त्याच्याकडून फक्त चार नवे प्लग घेऊन आले. एवढं साधं काम, त्याला कशाला द्यायचं? रविवारी निवांत बसून घरीच करू. प्लगचा खोका त्यांनी फ्रिजवर ठेवला.

पहिल्या रविवारी विहारात कार्यक्रम होता. दुसऱ्या रविवारी पाऊस पडला, आमच्याकडे थंडीत एखादवेळेस पडतो तसा, बोचरा. तिसऱ्या रविवारी दादाच्या मित्राकडे जेवण होतं. आई फ्रिज पुसताना खोका उचलायची, खालची धूळ पुसायची, परत ठेवायची.

"अहो, हे कधी बसवून राहिले तुम्ही?"

"बसवतो नं. काहून घाई करून राहिली? गाडी चालू तर होते."

"चालू होते, पण अर्ध्या कॉलनीला उठवते."

बाबा हसायचे. आईही हसायची. घरात कितीतरी कामं अशी पडून असतात. आमच्याही घरात होती. त्यातलं हे एक.

जानेवारीतलं धुकं जबलपूरला नवं नाही. नर्मदेकडून येतं, तळ्यावरून येतं, कुठून येतं कोण जाणे, पण एखाद्या सकाळी उठून पाहावं तर समोरच्या घराचं फाटकही दिसत नाही. दिव्याचा खांब म्हणजे वर लटकलेला एक पिवळा डाग. त्या सकाळी तसंच होतं. मी चहा ठेवत होते. आईनं आतून मला हाक मारली, ती नेहमीची हाक नव्हती. मी गेले तर ती पलंगाच्या कडेला बसलेली, एक हात छातीवर, चेहरा घामानं भिजलेला. एवढ्या थंडीत तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"गॅस झाला वाटते," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही वंदू. हे वेगळंच आहे."

बाबांनी एका क्षणात किल्ली घेतली. आम्ही दोघांनी तिला धरून बाहेर आणलं, गाडीत मागच्या सीटवर बसवलं, मी तिच्याभोवती शाल गुंडाळली. बाबा पुढे बसले, किल्ली फिरवली. घर्र घर्र घर्र. मागून पांढरा धूर निघाला आणि धुक्यात मिसळून गेला, धूर कुठला आणि धुकं कुठलं ते कळेना. बाबा थांबले. पुन्हा फिरवली. पुन्हा.

मी अँब्युलन्सला फोन लावला. निघतो म्हणाले, पण धुकं आहे, वेळ लागेल. शेजारच्या दुबेजींकडे धावले, तर त्यांच्या दाराला कुलूप. सगळे लग्नाला पाटनला गेले होते, ते मला माहीत होतं, तरी मी दार वाजवत राहिले. परत आले तेव्हा गाडीचा आवाज जड झाला होता. बॅटरी उतरायला लागली होती. समोरच्या घरातले दोघं बाहेर आले, आम्ही मागून धक्का दिला, गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली. इंजिननं दोन आचके दिले आणि परत गप्प झालं.

"अहो, राहू द्या," आई मागून म्हणाली. आवाज अगदी बारीक, पण शांत होता. "ऑटोनं जाऊ."

"लागते, लागते आता. थोडं थांब," बाबा म्हणाले आणि किल्ली फिरवली.

मी कोणाला काही न विचारता चौकाकडे पळाले. पायात घरातल्या स्लीपर होत्या. चौकात एकही ऑटो नव्हता. पुढे बरंच पळाल्यावर चहाच्या टपरीजवळ एक उभा दिसला, ड्रायव्हर शेकोटीपाशी हात शेकत होता. "भैया, मम्मी..." एवढंच म्हणाले. तो भला माणूस ग्लास टाकून उठला.

आम्ही गल्लीत आलो तेव्हा गाडीतून नुसता टक् टक् असा आवाज येत होता, बॅटरीत काहीच उरलं नाही की येतो तो. बाबा अजून किल्ली फिरवत होते. आईचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं. काचेवर आतून वाफ धरलेली होती, फक्त तिच्या तोंडापाशी नव्हती.

दवाखाना दमोह नाक्याच्या पुढे आहे. ऑटोनं तिथे पोचलो, तिला आत नेलं आणि थोड्याच वेळात डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, डोळ्यांत झोप होती. म्हणाले, "थोड़ा पहले ले आते तो..." आणि बाबांकडे पाहून थांबले. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. चांगुलपणानंच गिळलं असणार. पण पूर्ण झालेलं वाक्य माणूस कधी तरी विसरतो. अर्धं राहिलेलं रोज मनातल्या मनात पूर्ण करत बसतो. कधी एका प्रकारे, कधी दुसऱ्या.

मृत्यूच्या घरात किती गर्दी असते, आणि त्या गर्दीत एकमेकांकडे न पाहणं किती सोपं असतं! नागपूरहून मावशी आली, भंडाऱ्याहून काका आले, हैदराबादहून दादा आला. कोणी चहा करत होतं, कोणी सतरंज्या आणत होतं. बाबा एका कोपऱ्यात खुर्चीवर बसून असायचे. येणाऱ्याला हात जोडायचे. कोणी विचारलं, काय झालं, तर सांगायचे, "अटॅक आला." तेवढंच. मी त्यांच्यासमोर ताट ठेवायची आणि उचलायची. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. मला राग आला होता, इतका की माझे दात दुखायचे. पण त्यांचा मफलर सरकून खाली पडलेला दिसला की मी उचलून परत त्यांच्या गळ्यात घालायची. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना आटोपून भंतेजी गेले, जेवणं झाली, घरचे तेवढे उरले. दादा फ्रिजमधून पाणी काढायला गेला आणि वरचा खोका त्याच्या हाताला लागला. त्यानं उघडून पाहिला.

"हे काय आहे?"

मग मी म्हणाले, "गाडीचे हीटर प्लग."

"नवेच दिसून राहिले. कधी आणले?"

"डिसेंबरात," बाबा म्हणाले.

दादानं खोका बंद केला. मग त्यानं खोका टेबलावर ठेवला. आपटला नाही, अगदी हळू ठेवला. "मिस्त्रीला दिली असती तर एका दिवसाचं काम होतं, बाबा. एका दिवसाचं." त्याचा आवाज फाटला. "तुमच्या त्या घरीच बनवतो, घरीच बनवतो पायी..."

"अरे, आता काय त्याचं," मावशी म्हणाली.

"मावशी, तू मध्ये बोलू नको."

बाबा उठले. मला वाटलं ते काहीतरी बोलतील, रागावतील तरी. ते फक्त म्हणाले, "हओ. बरोबर आहे तुझं." आणि आत जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी दादा परत गेला. जाताना बाबांच्या पाया पडला, पण वर पाहिलं नाही.

पाहुणे गेल्यावर घरात जी शांतता येते, तिला आवाज असतो. फ्रिजचा, नळाच्या थेंबाचा, भिंतीवरच्या घड्याळाचा. त्या शांततेत एका दुपारी मला अंगणातून बॉनेट उघडल्याचा आवाज आला. बाहेर गेले तर बाबांनी जुनी चादर अंथरली होती. बाजूला हत्यारं मांडली होती, आणि तो खोका.

दुबेजी पाटनहून परत आले होते. बाबांनी त्यांच्या गाडीच्या बॅटरीला तार जोडून आमची गाडी सुरू केली. दुपारच्या उन्हात ती पहिल्याच झटक्याला लागली. मी ओट्यावर उभी होते. त्या गाडीला हातोड्यानं फोडावं असं मला वाटलं.

"काहून चालू केली?" मी विचारलं. बऱ्याच दिवसांनी मी त्यांच्याशी आपणहून बोलत होते.

"इंजिन थोडं गरम पाहिजे. गरम असलं की जुने प्लग सहज निघतात. थंड इंजिनात काढायला गेलं तर तुटतात." ते इंजिनाकडेच पाहत होते. "मोबाइलचा टॉर्च धरशील काय? आतमध्ये दिसत नाही."

मी टॉर्च धरला. त्यांनी इंजिन बंद केलं, बॅटरीची तार सोडवली, वरचं झाकण काढलं. चारही प्लगांच्या डोक्यावरून एक पट्टी जाते, तिचे बारीक नट सोडवले. प्रत्येक प्लगच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल टाकलं. काही घाई नव्हती. त्यांच्या हातांत कधीच घाई नव्हती, हेच तर होतं ना. मग लांब गोटी पाना लावून पहिला प्लग हळूहळू सोडवायला लागले. थोडा सैल, पुन्हा थोडा घट्ट, पुन्हा सैल. निघाला. दुसरा निघाला. तिसरा हलेना.

बाबांनी जोर लावला. पान्यावर धरलेली त्यांची बोटं पांढरी पडली. मग त्यांनी पाना काढून घेतला.

"हा आत तुटला तर पूर्ण इंजिन खोलावं लागेल," ते म्हणाले.

"मिस्त्रीला बोलवू या का?"

मी ते सहज म्हणाले होते. तोंडून निघाल्यावर मला कळलं मी काय म्हणाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत पाहिलं.

"आता बोलावू?" ते म्हणाले.

टॉर्चचा उजेड इंजिनावर हलत राहिला.

त्यांनी त्या प्लगच्या मुळाशी पुन्हा तेल टाकलं, काढलेले दोन्ही जुने प्लग परत जागेवर बसवले आणि बॉनेट लावलं. "रातभर मुरू दे. उद्या पाहू." दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच सगळं. इंजिन कोमट करायचं, तार सोडायची. बाबांनी पाना लावला, आधी किंचित घट्ट केला आणि मग उलटा फिरवला. कट् असा आवाज झाला. मला वाटलं तुटला. पण तो सुटला होता. बाबांनी तो बाहेर काढून कापडावर ठेवला. त्याचं टोक काजळीनं काळं झालं होतं, फुगून तडकलं होतं.

चौथाही काढल्यावर त्यांनी चारही जुने प्लग विटेवर ओळीनं मांडले आणि बॅटरीपासून दोन तारा आणल्या. मला कळलं ते काय करणार आहेत. "कशाला बाबा?" मी म्हणाले. "फेकून द्या नं आता."

"पाहू तर दे."

पहिल्याला तार लावली. काही नाही. दुसऱ्याला लावली. काही नाही. तिसरा, तडकलेला, त्यातही काही नाही. चौथ्याला तार लावली आणि थोड्या वेळानं त्याच्या टोकाशी एक बारीक केशरी ठिपका उमटला. हळूहळू वाढला, लाल झाला, उन्हातही दिसेल इतका. बाबा तार धरून बसले. त्या लाल टोकाकडे ते असे पाहत होते, जणू तो काही सांगणार आहे. शेवटी त्यांनी तार काढली, टोक काळवंडलं.

"एक चांगला होता," ते म्हणाले. "एकच. एकानं काय होते थंडीत."

मग त्यांनी नवे चार बसवले. आधी हातानं, आटे बरोबर बसले की नाही पाहत, मग पान्यानं, जपून. सगळं जागच्या जागी लावलं, हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले. नखांतली काजळी निघत नव्हती. मी चहा दिला. तो त्यांनी प्यायला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धुकं होतं. मी खिडकीतून पाहत होते. बाबा स्वेटर, मफलर घालून बाहेर गेले, गाडीत बसले. किल्ली अर्धी फिरवली असणार, कारण ते थांबले. प्लग तापत असेपर्यंत स्टिअरिंगमागे एक पिवळी, वेटोळ्याची खूण पेटते, ती विझेपर्यंत थांबायचं असतं. मग किल्ली पूर्ण फिरवली. गाडी लागली. एकदम, एका श्वासात. ना खोकली, ना धूर.

बाबांनी लगेच बंद केली. बराच वेळ आत बसून राहिले. मी खिडकीतून बाजूला झाले, कारण त्यांची पाठ हलत होती.

त्यानंतर ते रोज सकाळी गाडी सुरू करायचे. कुठे जायचं नसायचं. सुरू करायची, ती लागते हे पाहायचं, बंद करायची, आत यायचं. गल्लीतल्या बायका आमच्याकडे पाहून आवाज खाली करायच्या. दुबेजी एकदा फाटकाशी थांबवून मला म्हणाले, "बेटी, पापा को कहीं घुमा लाओ. ऐसे तो आदमी टूट जाता है." मी मान हलवली. कुठे नेणार होते मी त्यांना? आणि काय सांगणार होते? माझ्याही मनात रोज सकाळी तेच व्हायचं. गाडी लागल्याचा आवाज आला की वाटायचं, लागली. आणि लगेच वाटायचं, आज लागून काय उपयोग!

थंडी ओसरायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. सकाळी फाटक जोरजोरात वाजलं. दुबेजी उभे, अंगात बनियन, पाय अनवाणी. "भाईसाहब, अम्मा की साँस नहीं आ रही. लड़का गाड़ी लेके कटनी गया है. ऑटो..."

बाबा उठले. किल्ली खुंटीवर होती. मी आणि दुबेजींच्या पत्नीनं अम्मांना उचलून आणलं. दुबेजींची ती म्हातारी आई, हलकी, वाळक्या काटक्यांच्या मोळीसारखी. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. आम्ही त्यांना मागच्या सीटवर बसवलं. मी पुढे बसले, आईच्या जागी. बाबांनी किल्ली अर्धी फिरवली. ती पिवळी खूण लागली. ती विझायला लागणारा तेवढासा वेळ! दुबेजी मागून ओरडले, "चलिए ना भाईसाहब!" बाबा थांबले होते, ओठ घट्ट मिटून. खूण विझली. किल्ली फिरली. गाडी लागली.

बाबांना मी तसं चालवताना कधी पाहिलं नव्हतं. वेडंवाकडं नाही, वेगातही फारसं नाही, पण कुठेही न अडखळता. तळ्याच्या कडेनं, रिकाम्या रस्त्यानं, दमोह नाका ओलांडून. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली. स्ट्रेचर आलं, अम्मांना आत नेलं, दुबेजी नवरा-बायको दोघंही मागे धावले.

मी उतरायला दार उघडलं. बाबा उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, इंजिन चालू.

"वंदू," ते म्हणाले.

"काय बाबा?"

"आलो काय आपण? एवढ्यात?"

मी उघडलेलं दार परत ओढून घेतलं.

"एवढंच दूर होतं काय गं?"

मागे गाड्या थांबल्या होत्या. वॉचमन काचेवर टकटक करत होता, "अंकल, गाड़ी आगे लो, आगे लो." बाबांना ऐकू येत नव्हतं. ते दवाखान्याच्या दाराकडे पाहत होते. एवढे दिवस त्यांनी त्या रस्त्याला मनात फार लांब करून ठेवलं असावं. गाडी लागली असती तरी, रस्ता लांब होता, धुकं होतं, पोचलो नसतो. त्या एका आधारावर ते उठत होते, जेवत होते, झोपत होते. आज त्यांनी स्वतः तो रस्ता चालवून पाहिला होता.

अम्मा वाचल्या. छातीत पाणी झालं होतं, वेळेवर आणलं, असं डॉक्टर म्हणाले. दुबेजींनी बाबांचे पाय धरले. बाबा पाय मागे घेत राहिले. घरी येऊन त्यांनी किल्ली खुंटीला लावली, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी गाडी सुरू करणं बंद केलं.

दवाखान्यातून आल्यावर काही दिवसांनी अम्मा आमच्याकडे आल्या. सुनेचा हात धरून, काठी टेकत, एवढासा रस्ता थांबत थांबत. ऊन चांगलं पडलं होतं. बाबा अंगणात खुर्चीवर होते. अम्मांनी काठी बाजूला ठेवली आणि बाबांच्या डोक्यावर हात ठेवला. साठी ओलांडलेल्या माणसाच्या डोक्यावर, लहान मुलाच्या ठेवतात तसा.

"जीते रहो बेटा. तुम न होते तो हम चले गए थे."

बाबांनी मान खाली घातली. मी खुर्ची आणली, अम्मा बसल्या. आईबद्दल बोलायला लागल्या. किती चांगली होती, थंडीत मटार सोलायला ओट्यावर बसायची, आवाज कसा खणखणीत होता. बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले. बाबांनी त्यांचा हात धरला.

"अम्मा," ते म्हणाले, "उस दिन गाड़ी नहीं चली थी."

आजवर त्यांनी हे आपणहून कोणालाच सांगितलं नव्हतं. नातेवाइकांना नाही, कॉलनीत नाही. अटॅक आला, एवढंच सांगायचे.

अम्मांना कमी ऐकू येतं. त्यांनी कान पुढे केला. "क्या बेटा?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आणि मोठ्यानं म्हणाले, "गाड़ी नहीं चली थी, अम्मा! मैंने ठीक नहीं की थी!"

गल्लीत भाजीवाला थांबला. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वळून पाहायला लागली. दुबेजींची पत्नी काहीतरी बोलायला गेली, पण अम्मांनी हातानंच तिला गप्प केलं. त्यांनी बाबांना असं म्हटलं नाही की जाऊ दे. असंही म्हटलं नाही की नशिबात होतं. त्या फक्त बाबांचं मनगट दोन्ही हातांनी धरून बसून राहिल्या.

थोड्या वेळानं बाबा ते पुन्हा एकदा म्हणाले, हळू आवाजात, आपल्या मराठीत. "सामान घरात होतं. मी बसवलं नाही." या वेळी त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.